दिवाळे निघाले, पण कागद कुठे?

जुन्नर-आंबेगावात एखाद्याचे दिवाळे निघाल्याची बातमी कोर्टाच्या फलकावर कोणी वाचत नाही. ती नारायणगावच्या टोमॅटो बाजारात कळते, मंचरला चहा पिताना कळते, आळेफाट्याला गाडी बदलताना कळते. कोणी सांगतो, त्याने कोर्टात हात वर केले. कोणी सांगतो, कंपनीला टाळे लागले. कोणी सांगतो, पतसंस्थेवर अवसायक बसला. ऐकणाऱ्याच्या लेखी तिन्ही गोष्टी एकच असतात, त्या म्हणजे पैसे बुडाले. कायद्याच्या लेखी मात्र त्या तीन वेगळ्या वाटा आहेत आणि तिन्हींची दप्तरे तीन वेगळ्या ठिकाणी आहेत. पैसे अडकलेला माणूस तालुक्याच्या कोर्टात जाऊन ‘दिवाळखोरीचे रजिस्टर’ मागतो, तेव्हा कारकून त्याला हाकलून देतो असे नाही. असे एकत्र रजिस्टरच नसते. सगळी माहिती कायद्याने जाहीर, पण सापडायला अवघड, अशी ही व्यवस्था आहे आणि तिचा फायदा बुडवणाऱ्याला होतो.

या भागातले सर्वांत ठळक उदाहरण नारायणगावचेच. शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात इथे वाइनचा कारखाना काढला, फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळ वाइन बनवली आणि ती ‘ओमर खय्याम’ या नावाने युरोपात नेऊन विकली. जुन्नरची द्राक्षे आणि शॅम्पेन हे शब्द एका वाक्यात येऊ शकतात, हे तोवर कोणाला खरे वाटले नसते. पुढे ‘शॅम्पेन इंडेज’चे ‘इंडेज व्हिंटनर्स’ झाले, परदेशातही खरेदी झाली. २००८च्या जागतिक मंदीनंतर गणित बिघडले, देणी थकली, याचिका दाखल झाल्या आणि अखेर मुंबई उच्च न्यायालयाने कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला.

आता या कंपनीचे कागद आज कोणाला पाहायचे असतील तर? जुन्नरच्या न्यायालयात ते नाहीत. पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात नाहीत. हल्ली सगळे ज्याचे नाव घेतात त्या एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणातही ते शोधून उपयोग नाही, कारण हा आदेश नव्या नादारी संहितेच्या आधीचा, १९५६च्या कंपनी कायद्याखालचा. ज्या कंपन्यांबाबत असा आदेश आधीच झाला होता, त्यांची प्रकरणे उच्च न्यायालयातच राहिली. तेव्हा शोध घ्यायचा तो मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर, मूळ शाखेतील कंपनी याचिकांमध्ये, आणि पुढचा पत्रव्यवहार करायचा तो मुंबईतल्या ऑफिशियल लिक्विडेटरच्या कार्यालयाशी. कारखाना पुणे-नाशिक रस्त्यावर, दप्तर फोर्टात.

२०१६ची नादारी व दिवाळखोरी संहिता आली तेव्हा हे सगळे एका छताखाली येईल असा गाजावाजा झाला. कंपन्यांपुरते ते बरेचसे खरेही ठरले. महाराष्ट्रातल्या कंपनीचे प्रकरण एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठापुढे चालते. तिथल्या संकेतस्थळावर खंडपीठ निवडून कंपनीच्या नावाने शोधले की तारखा आणि आदेश दिसतात. त्याहून सोपी जागा म्हणजे भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाचे संकेतस्थळ. प्रकरण दाखल करून घेतले की जाहीर सूचना निघते; ती एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या वृत्तपत्रात छापावी लागते आणि मंडळाच्या संकेतस्थळावरही चढते. कंपनीचे नोंदणीकृत नाव टाकले की सूचना समोर येते. तीत नेमलेल्या व्यावसायिकाचे नाव, पत्ता आणि दावा दाखल करण्याची शेवटची तारीख असते.

नोंदणीकृत नाव हाच इथला काटा. शेतकऱ्याला ब्रँड ठाऊक असतो, गेटवरची पाटी ठाऊक असते. कागदावर मात्र भलतीच प्रायव्हेट लिमिटेड असते. म्हणून आधी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर नाव पडताळावे. तिथे कंपनीची सद्यःस्थिती आणि तिच्या मालमत्तेवर कोणत्या बँकेचा बोजा आहे, हेही कळते.

ठेवीदारांचे पैसे अडकलेल्या डीएसके प्रकरणाने पुणे जिल्ह्याला आणखी एक धडा महागात शिकवला. डी. एस. कुलकर्णी डेव्हलपर्सचे प्रकरण २०१९मध्ये एनसीएलटीने दाखल करून घेतले आणि आराखडा मंजूर व्हायला २०२३ उजाडले. त्याच वेळी ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या १९९९च्या महाराष्ट्र कायद्याखाली, म्हणजे एमपीआयडीखाली, फौजदारी खटला वेगळ्या न्यायालयात चालू होता. पोलिसांकडे तक्रार दिली म्हणजे न्यायाधिकरणात आपला दावा लागला, अशी अनेकांची समजूत असते. तसे होत नाही. दोन दारे, दोन अर्ज.

आणखी एक गोष्ट गावात फारशी कोणी सांगत नाही. थकीत रक्कम किमान १ कोटी असल्याशिवाय कंपनीविरुद्ध एनसीएलटीत अर्ज करता येत नाही. मार्च २०२०पर्यंत ही मर्यादा १ लाख होती. म्हणजे तीन लाखांचा माल दिलेला सातगाव पठारावरचा बटाटा उत्पादक स्वतः एनसीएलटीचे दार ठोठावू शकत नाही. पण बँकेने किंवा दुसऱ्या कोणी ते ठोठावले असेल, तर त्याच प्रकरणात तो आपल्या तीन लाखांचा दावा लावू शकतो. त्यासाठी प्रकरण सुरू झाले आहे हे त्याला वेळेत कळायला हवे. शोध घेण्याचे खरे कारण हे आहे, नुसते कुतूहल नव्हे.

हे झाले कंपन्यांचे. माणसाचे काय? इथे कायदा शंभर वर्षे मागे आहे आणि हे अलंकारिक बोलणे नाही. २०१६च्या संहितेतला वैयक्तिक नादारीचा भाग आजवर फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता, १ डिसेंबर २०१९पासून, लागू आहे. कंपनीचे प्रकरण चालू असेल तर त्यांची प्रकरणेही एनसीएलटीतच चालतात. ओतूरचा किराणा दुकानदार किंवा कळंबचा आडत्या नादार व्हायला निघाला, तर त्याला अजूनही १९२०चा प्रांतिक नादारी कायदाच लागतो. त्या कायद्यात अर्जासाठी लागणारी कर्जाची किमान रक्कम ५०० रुपये लिहिली आहे. १९२० साली ५०० रुपयांत काय काय येत होते याचा हिशोब वाचकांनी आजोबांच्या वह्यांत पाहावा.

अशा अर्जांचे मुख्य न्यायालय जिल्हा न्यायालय; शासनाने अधिकार दिले असतील तर खालचे न्यायालयही. त्यामुळे जुन्नर, आंबेगावसाठी घोडेगाव, राजगुरुनगर आणि पुणे, अशा चारही ठिकाणी पाहावे लागते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर महाराष्ट्र, मग पुणे, मग न्यायालय संकुल निवडायचे. सीएनआर हा १६ अक्षरांचा क्रमांक हाती असेल तर प्रश्नच मिटला. तो सहसा नसतो, म्हणून पक्षकाराचे नाव आणि वर्ष टाकायचे, ‘प्रलंबित’ आणि ‘निकाली’ दोन्ही पाहायचे. कायद्यानुसार शोधण्याचीही सोय आहे. नावाने काही लागले नाही तर तिथे नादारी कायदा निवडून पाहावा.

नावाने लागत नाही, कारण कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी होऊन दोन तपे उलटली तरी हा शोध बहुधा रोमन लिपीतच घ्यावा लागतो. चौधरीत ‘ओ’नंतर ‘यू’ की ‘डब्ल्यू’? ढोबळेत ‘डी’नंतर ‘एच’ आहे की गळाला? डुंबरेत ‘ए’ किती? दावा टाइप करणाऱ्याने त्या दिवशी जे लिहिले, ते खरे. शहाण्याने पूर्ण नाव न टाकता आडनावाची पहिली तीन-चार अक्षरे टाकावीत, निघालेल्या यादीत बापाचे नाव आणि गाव जुळवावे. नावाचा माणूस तोच, असे धरून गावात बोभाटा करणे मात्र धोक्याचे. जुन्नर तालुक्यात एका नावाची चार माणसे सहज निघतात.

क्रमांक सापडला की नकलेचा अर्ज. प्रकरणात पक्षकार नसलेल्याला कारण सांगून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. माहिती अधिकाराचा अर्ज करून ही पायरी चुकवता येईल असे काहींना वाटते. पण न्यायालयीन कागदांच्या नकला न्यायालयाच्या नियमांनीच घ्याव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात मार्च २०२०मध्ये स्पष्ट केले आहे. संगणकाआधीच्या प्रकरणांसाठी रेकॉर्ड रूम गाठावी लागते.

जमीन घेणाऱ्याने हा खटाटोप का करावा? सातबाऱ्याच्या इतर हक्कांत सोसायटीचा बोजा दिसतो. मालकाने नादारीचा अर्ज केला आहे हे तिथे दिसेलच असे नाही. १९२०च्या कायद्याने नादार ठरलेल्याची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते. जमीन दिल्यापासून दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज झाला आणि देणारा नादार ठरला, तर प्रामाणिक व मोबदला देऊन न केलेले हस्तांतर रद्दही होऊ शकते. नादारीच्या आदेशाची सूचना शासकीय राजपत्रात छापली जाते. राजपत्र वाचून जमीन घेणारा माणूस अजून कोणी पाहिलेला नाही.

याच जिल्ह्याला कर्जाच्या कागदांची किंमत एकेकाळी फार चांगली कळत होती. १२ मे १८७५ रोजी सुप्यात लोक उठले तेव्हा त्यांचा रोख सावकाराच्या खतांवर आणि हुकूमनाम्यांवर होता. ते कागद जाळले गेले. चार वर्षांनी, १८७९मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठीच्या त्या कायद्यात गावपातळीवर दस्त नोंदण्याची सोय होती आणि शेतकऱ्याच्या नादारीचे स्वतंत्र प्रकरणही होते. म्हणजे कर्जाची नोंद माणसाच्या गावाजवळ असावी हे इंग्रज सरकारलाही पटले होते. आज ती नोंद मोबाइलवर आहे, पण कोणत्या खिडकीत आहे हे ठाऊक नसल्याने मुंबईइतकीच लांब आहे.

राहिल्या पतसंस्था, आणि इथे तर कोर्टात शोधणेच चूक. सहकारी पतसंस्था २०१६च्या संहितेखाली येत नाही. ती बुडाली की सहकार कायद्याच्या कलम १०२खाली निबंधक अवसायनाचा आदेश काढतो आणि अवसायक नेमतो. चौकशी तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा पुण्यात जिल्हा उपनिबंधकाकडे करायची. नावात ‘मल्टिस्टेट’ असेल तर तालुका काय, पुणेही कामाचे नाही. तिचा निबंधक दिल्लीत बसतो आणि अवसायनातल्या संस्थांची यादी त्याच्या संकेतस्थळावर मिळते. सहकारी बँकेची गोष्ट आणखी निराळी. पुण्याच्या रुपी बँकेचा परवाना २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेने रद्द केला, तरी तिथल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत विम्याचे कवच होते. पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही, हे ठेव घेणाऱ्या एजंटाने कधी सांगितल्याचे ऐकिवात नाही.

एवढ्या खिडक्या का? कायदे वेगळे म्हणून, हे उत्तर अर्धेच आहे. २०१६च्या संहितेत वैयक्तिक नादारीच्या आदेशांची नोंदवही मंडळाने ठेवावी, अशी कल्पना आहे. तो भाग सामान्य माणसांना लागू झाला असता, तर आज निदान त्यांची नावे एका जागी सापडली असती. केंद्राने तो अडवून ठेवला आहे. राज्याला त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. सहकार खात्याने अवसायनातल्या संस्थांची तालुकावार, देवनागरी यादी दर महिन्याला बाजार समित्यांत लावावी. नादारीच्या आदेशाची सूचना तलाठ्यापर्यंत जावी आणि सातबाऱ्यावर चढावी. यात नवा कायदा क्वचितच लागेल, इच्छा मात्र लागेल.

तालुक्यापुरते एक काम तर लगेच होण्याजोगे आहे. जुन्नर आणि घोडेगावच्या न्यायालयांत लोकअदालतीच्या दिवशी गावोगावची माणसे येतात. तालुका विधी सेवा समितीने आणि वकील संघाने त्या दिवशी एक टेबल मांडावे, एक संगणक ठेवावा आणि येईल त्याला नाव शोधून द्यावे. पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी कुटुंबांना तर उत्पन्नाची अट न पाहता मोफत विधी सेवा मिळण्याचा हक्क आहे. त्यांनी दावा लावण्यासाठीही तिथेच मदत मागावी. आणि ज्यांचा माल उधारीवर गेला आहे त्यांनी पट्ट्या, वजनकाट्याच्या पावत्या आणि पासबुक आताच एका पिशवीत घालून ठेवावे. कंपनीच्या प्रकरणात दाव्याची मुदत व्यावसायिक नेमल्यापासून जेमतेम दोन आठवड्यांची असते. उशिरा आलेले दावे स्वीकारण्याची तरतूद आहे, पण तिच्या भरवशावर कोणी राहू नये.