पहिली क्रेन विकत घ्यायची की भाड्यानं आणायची? झाडतोडीच्या धंद्यातलं १८१ दिवसांचं गणित

पावसाळा जवळ आला की कोकणातल्या झाडतोडीच्या ठेकेदारांचे फोन वाजायला लागतात. कुणाच्या कौलांवर आंब्याची फांदी झुकलेली असते, कुणाच्या गोठ्यामागं वाळलेला माड उभा असतो, कुठे शाळेच्या आवारातलं जुनं झाड कलंडलेलं असतं. ही कामं आजवर दोर, कोयता, कटर मशीन आणि चार-पाच माणसांच्या जिवावर झाली. आता अनेक तरुण ठेकेदारांच्या डोक्यात एकच विचार आहे. स्वतःची क्रेन घ्यायची.

विचार चुकीचा नाही. पण क्रेनचा हप्ता बारा महिने भरावा लागतो आणि झाडतोडीचं जोराचं काम मात्र तीन-चार महिनेच असतं. हे अंतर कशानं भरून काढायचं, याचं उत्तर तयार नसेल तर पहिली क्रेन धंदा वाढवण्याऐवजी तो बुडवू शकते.

मागणी कुठून आली?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या तालुक्यांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. घरांवर झाडं पडली, गावोगावचे रस्ते बंद झाले आणि अनेक वाड्यांत कित्येक आठवडे वीज नव्हती. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं आणि पुन्हा झाडं पडली.

त्या दिवसांत एक गोष्ट सगळ्यांना दिसली. झाड कापायला माणसं मिळतात, पण घरावर आडवं झालेलं खोड उचलायला काही मिळत नाही. कौलांवर पडलेलं झाड जागेवर कापलं तर तुकडे घरातच कोसळतात. क्रेन असेल तर तोच तुकडा पट्ट्यात धरून उचलता येतो आणि भिंत वाचते. उभं झाड वरून टप्प्याटप्प्यानं उतरवतानाही माणसांवरचा धोका कमी होतो. क्रेनची गरज खरी आहे ती यासाठी.

१८१ दिवस कसे आले?

समजा यंत्र २५ लाखांना पडलं. ५ लाख घरचे घातले आणि २० लाख कर्ज काढलं. व्याज ११ टक्के, मुदत ५ वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण ४३,५०० रुपये होतो. ऑपरेटरचा पगार २० हजार, मदतनीस १२ हजार, विमा, पासिंग, टायर, ऑइल, दुरुस्ती मिळून महिन्याला सरासरी १५ हजार धरले. एकूण ९०,५०० रुपये. यंत्र दारात उभं राहिलं तरी हा खर्च थांबत नाही.

आता कमाई. दिवसाचं भाडं ८ हजार धरलं आणि डिझेलला २ हजार गेले, तर हातात ६ हजार उरतात. वर्षाचा ठरलेला खर्च १० लाख ८६ हजार. त्याला ६ हजारांनी भागलं की १८१ दिवस येतात. म्हणजे वर्षातले १८१ दिवस यंत्र पैसे देणाऱ्या कामावर असेल, तेव्हा कुठे मालक ना नफा ना तोट्यात येतो. त्याची स्वतःची मजुरी यात धरलेली नाही.

दुसऱ्या बाजूनं पाहू. ज्या ठेकेदाराला वर्षाला ६० दिवसच क्रेन लागते, त्यानं ती ८ हजारांनी भाड्यानं आणली तर ४ लाख ८० हजार जातात. तेवढ्याच कामासाठी स्वतःची क्रेन ठेवली तर डिझेलसह १२ लाख ६ हजार खर्च येतो. वर्षाला सव्वासात लाखांचा फरक पडतो.

जुनं यंत्र घेऊन कर्ज १० लाखांवर आणलं तर हप्ता निम्मा होतो आणि दिवस साधारण १३८ वर येतात. पण पगार, विमा, पासिंग तेवढंच राहतं आणि जुन्या यंत्राची दुरुस्ती वाढते. हायड्रॉलिक पंप किंवा सिलिंडर गेला की वाचवलेले दोन-तीन हप्ते एका दिवसात जातात.

यात दिलासा देणारी गोष्टही आहे. पाच वर्षांनी कर्ज फिटलं की हेच गणित ९४ दिवसांवर येतं आणि यंत्राची काही किंमत हातात उरते. म्हणजे सगळी कसोटी पहिल्या पाच वर्षांची आहे.

आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील. आपल्या तालुक्यातलं भाडं, बँकेचा दर आणि यंत्राची किंमत घालून हा हिशेब कागदावर मांडला की फसगत टळते.

उरलेले दिवस कुठून आणायचे?

पावसाळ्याच्या चार महिन्यांत दर महिन्याला २५ दिवस काम मिळालं, असं अगदी उदार मनानं धरलं तरी १०० दिवस होतात. उरलेले ८१ दिवस झाडांच्या बाहेर शोधावे लागतात. बोअरचे पंप काढणं, विजेचे खांब आणि ट्रान्सफॉर्मर उतरवणं, पाण्याच्या टाक्या चढवणं, शेडचे लोखंडी सांगाडे उभे करणं, ओढ्यात गेलेल्या गाड्या काढणं ही कामं गावाकडे असतात. लोटे परशुरामसारख्या औद्योगिक वसाहतीतही क्रेन लागते. मात्र कारखान्यात शिरताना उचलण्याच्या यंत्राचं सक्षम व्यक्तीनं दिलेलं चाचणी प्रमाणपत्र मागितलं जातं. ही तपासणी ठरावीक काळानं पुन्हा करून घ्यावी लागते.

कामं मिळाली तरी पैसे कधी मिळतात हेही पाहावं लागतं. घरमालक त्याच दिवशी देतो. सरकारी कामाचं बिल निघायला महिने लागू शकतात आणि बँकेचा हप्ता तोवर थांबत नाही. म्हणून तीन-चार हप्त्यांइतकी रक्कम बाजूला ठेवल्याशिवाय यंत्र घरी आणू नये.

यंत्र कोणतं?

गावात सगळ्यांच्या ओळखीची ती हायड्रा. भार उचलून तशीच चालते, कमी जागेत वळते. पण लांब पल्ल्याला ती हळू चालते, खेडहून दापोलीला जायचं तर अर्धा दिवस रस्त्यातच जातो. शिवाय हूकला भार असताना वळली की तिचा तोल झटकन बदलतो. उतारावर आणि ओल्या मातीत ती कलंडण्याचा धोका मोठा आहे. पुढं टांगलेल्या ओंडक्यामुळं ऑपरेटरला समोरचा माणूस दिसत नाही, हेही अपघाताचं कारण होतं.

दुसरा पर्याय ट्रकवर बसवलेली क्रेन. ती रस्त्यानं वेगानं पोचते आणि कापलेले ओंडके स्वतःच्याच हौद्यात भरून नेते, वेगळा टेम्पो लागत नाही. पण तिला बाजूचे जॅक पूर्ण पसरायला रुंद, घट्ट आणि सपाट जागा हवी. जांभ्याचा गडगा, विहीर, शोषखड्डा किंवा आगरातली रेती जवळ असेल तर जॅक खचतो. जॅकखाली जाड लाकडी फळ्या घालणं हा रोजचा नियम हवा.

तिसरी गोष्ट कोकणाची स्वतःची. कित्येक घरांपर्यंत फक्त पाखाडी जाते. तिथं कितीही मोठी क्रेन असली तरी ती खालच्या रस्त्यावरच उभी राहणार. म्हणून यंत्र निवडण्याआधी गेल्या वर्षभरातल्या कामांची यादी काढावी आणि त्यातल्या किती घरांपर्यंत ट्रक पोचला असता ते मोजावं.

‘१२ टन’ म्हणजे १२ टन नव्हे

क्रेनवर लिहिलेले टन हे बूम आखूड आणि भार अगदी जवळ असतानाचे असतात. बूम जसजशी लांब जाते तशी ताकद झपाट्यानं कमी होते. दोन मीटरवर पाच टन पेलणारी क्रेन दहा मीटरवर जेमतेम एक टन पेलते, आणि बूमचं वजन धरलं तर त्याहूनही कमी. नेमका आकडा यंत्रासोबतच्या लोड चार्टमध्ये असतो. जुन्या यंत्राचा सौदा करताना हा तक्ता मिळत नसेल तर सौदा सोडलेला बरा.

ओल्या लाकडाचं वजनही नजरेला फसवतं. ओलं, रसाळ लाकूड पाण्याइतकं जड धरावं. दोन फूट व्यासाचा आणि दहा फूट लांबीचा ओंडका साधारण ९०० किलो भरतो. व्यास तीन फूट झाला की तेवढ्याच लांबीचा ओंडका दोन टनांवर जातो. व्यास दीडपट, पण वजन सव्वादोनपट.

झाडाच्या कामात आणखी एक धोका असतो. कापलेला तुकडा आधी ताणून धरलेला नसेल तर तो सुटताच पट्ट्यावर झटका बसतो. हा झटका तुकड्याच्या वजनाच्या कितीतरी पट असू शकतो. यंत्र शांतपणे उचलण्यासाठी बनवलेलं असतं, झटके झेलण्यासाठी नाही. वादळात उपटलेलं झाड कापताना मुळांचा गड्डा अचानक मागं उसळतो, त्यामुळं त्या खड्ड्याकडं कुणी उभं राहता कामा नये. आणि हूकला माणूस टांगून वर चढवणं, जे गावात सर्रास दिसतं, ते पूर्ण बंद व्हायला हवं.

विजेच्या तारांजवळ तर घाई नकोच. उच्चदाबाच्या तारेला बूम टेकली नाही, नुसती फार जवळ गेली तरी वीज उडी मारते. महावितरणकडून लाइन बंद करून घेतल्याची खात्री वायरमनसमोर झाल्याशिवाय कटर सुरू करू नये. ‘लाइट गेलेलीच आहे’ हा पुरावा नव्हे, ती कधीही परत येऊ शकते.

कागद कच्चे तर क्रेन जप्त

ग्रामीण भागात महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत अधिनियम १९६४ लागू आहे. आंबा, फणस, साग, खैर, ऐन, जांभूळ अशी झाडं यादीत आहेत आणि ती स्वतःच्या जमिनीत असली तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. नगरपंचायत-नगरपालिका हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा आहे. लाकूड हलवायचं तर वनखात्याच्या वाहतूक पासचीही चौकशी करावी लागते.

हे मालकाचं काम, असं समजून चालत नाही. वनगुन्ह्यात वापरलेलं वाहन जप्त होऊ शकतं. झाड परक्याचं, लाकूड व्यापाऱ्याचं, पण अडकून पडते ती ठेकेदाराची क्रेन, आणि हप्ता चालूच राहतो. म्हणून परवानगीची प्रत हातात आल्याशिवाय यंत्र हलवू नये.

जुना ट्रक घेताना आरसी नीट वाचावी. क्रेन नंतर गॅरेजमध्ये बसवली असेल आणि आरटीओत तशी नोंद नसेल, तर ते वाहन रस्त्यावरही अडतं आणि विम्यातही. विम्याचं तर खास पाहावं. क्रेन म्हणून काम करताना यंत्र कलंडलं तर साध्या पॉलिसीत ते नुकसान सहसा धरलेलं नसतं. जादा हप्ता भरून ‘ओव्हरटर्निंग’चं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. काम करताना दुसऱ्याच्या घराचं नुकसान झालं तर कोण भरणार, हेही एजंटकडून लेखी घ्यावं.

करही विसरू नये. क्रेनचं भाडं आणि तोडणीची मजुरी मिळून वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. ग्राहकाला सांगितलेल्या दरात तो धरलेला नसेल तर खिशातून जातो.

कर्ज घेण्याआधी

मुद्रा योजनेत साधारणपणे १० लाखांपर्यंत कर्ज मिळतं. २० लाखांची मर्यादा आधीचं ‘तरुण’ गटातलं कर्ज नीट फेडलेल्यांसाठी आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात खुल्या प्रवर्गाला २५ आणि विशेष प्रवर्गाला ३५ टक्के अनुदान आहे. आपलं यंत्र त्यात बसतं का, हे जिल्हा उद्योग केंद्रात विचारूनच विक्रेत्याला टोकन द्यावं. अनुदान येईल या भरवशावर आधी यंत्र उचलणं धोक्याचं.

सगळ्यात स्वस्त तयारी म्हणजे एक वही. एक अख्खं वर्ष भाड्याची क्रेन आणून काम करावं आणि प्रत्येक दिवस लिहून ठेवावा. गाव, झाड, किती तास, भाडं किती, पैसे कधी मिळाले, ट्रक पोचला की नाही. क्रेन वेळेवर न मिळाल्यानं सोडावी लागलेली कामंही लिहावीत. वर्षाअखेरीस वहीत ६० दिवस निघाले तर भाड्याचीच क्रेन बरी. १२० निघाले तर शेजारच्या तालुक्यातल्या एखाद्या ठेकेदाराशी लेखी भागीदारीत यंत्र घेण्याचा विचार करता येतो. १८० च्या पुढे गेले तर ती वही घेऊन बँकेत जावं. मॅनेजरसमोर ती कोटेशनपेक्षा जास्त बोलेल.