खिडकीच्या आतली पाटी

सदाशिव पेठेत पाटी नसलेली जागा दाखवा आणि बक्षीस मिळवा, असे कोणी जाहीर केले तर ते बक्षीस बहुधा कोणाच्याच पदरात पडणार नाही. बेल एकदाच वाजवावी, दारात सायकल लावू नये, दुपारी एक ते चार कोणी येऊ नये. सगळे लिहिलेले असते. अशा या पेठेतल्या एका रुग्णालयात गेल्या जूनपासून मी केसपेपरच्या खिडकीवर काम करते. कॉलेज सकाळचे, नोकरी दुपारी दोन ते रात्री नऊ. खिडकीच्या बाहेर पाट्याच पाट्या आहेत. रांगेत उभे राहा, सुटे पैसे द्या, जुना कागद सोबत आणा. खिडकीच्या आत मात्र एकही पाटी नाही. नव्याने लागलेल्या माणसाने काय करायचे, कोणत्या क्रमाने करायचे, अडले तर कोणाला विचारायचे, हे कोठेही लिहिलेले नव्हते. ते सगळे एका ताईंच्या डोक्यात होते, आणि ताई ते सांगत नव्हत्या.

ताई वाईट आहेत असे मला म्हणायचे नाही. एकोणीस वर्षे त्या या खिडकीवर आहेत. गर्दीतला माणूस चेहऱ्यावरून ओळखून त्याचा जुना नंबर तोंडपाठ सांगतात. मला 'शिकवण्याचे' काम त्यांच्याकडे सोपवले गेले तेव्हा त्यांनी एक स्टूल पुढे सरकवले आणि म्हणाल्या, 'बस इथं. बघ आणि शीक.' मी बसले आणि बघितले. त्यांची बोटे इतकी झरझर चालत की काही कळेना. विचारले, तर उत्तर येई, 'आत्ताच तर केलं ना तुझ्यासमोर!' दुसऱ्यांदा विचारले, तर त्या शेजारच्या बिलाच्या खिडकीकडे वळून म्हणत, 'हल्लीच्या मुलींना सगळं तयार हवं असतं.' आठवड्याभरात मी विचारणे सोडून दिले. मित्रहो, या लेखात मला जे सांगायचे आहे ते त्या सोडून देण्याबद्दल आहे.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. ताई रजेवर होत्या. संध्याकाळची ओपीडी भरात असताना एक आजी आल्या. कार्ड घरी राहिले होते. त्यांनी नाव सांगितले, ते मी संगणकावर घातले, जुना कागद निघाला, तो मी शिपायाबरोबर डॉक्टरांच्या खोलीत पाठवला आणि पुढच्या माणसाकडे वळले. दहा मिनिटांनी आजी परत खिडकीशी आल्या. हातात तोच कागद. 'अगं, हा माझा नाही. माझ्या कागदावर वरच लाल शाईनं लिहिलेलं असतं, मला पेनिसिलीन चालत नाही म्हणून.' त्याच नावाच्या, त्याच आडनावाच्या आणखी एक आजी आमच्याकडे येतात. सदाशिव पेठेत या नावाच्या दोन आजी असाव्यात यात नवल ते काय? नवल एवढेच, की मला ते सुचले नाही. नाव सारखे असेल तर वय आणि पत्ता ताडून पाहायचा, हे ताईंच्या बोटांना माहीत होते. माझ्यापर्यंत ते पोचले नव्हते.

आजींची नजर शाबूत होती म्हणून निभावले. त्या रात्री टिळक रस्त्याने चालत घरी जाताना मी मनातल्या मनात ताईंना पुष्कळ बोलून घेतले. पण खुन्या मुरलीधराच्या गल्लीपाशी येईपर्यंत एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती मला अजून छळते. सांगितले नाही हा दोष त्यांचा. पण माहीत नसताना विचारले नाही हा दोष माझा होता. मला 'ढ' ठरायचे नव्हते. माझ्या त्या मानापायी एका परक्या बाईचा जीव मी काही मिनिटे टांगणीला लावला होता.

आपल्याकडे न शिकवणाऱ्या गुरूची दोन प्रकारांनी समजूत घातली जाते. पहिला प्रकार एकलव्याचा. गुरूने नाकारले तरी खरा शिष्य स्वतःच्या बळावर शिकतो, अशी शिकवण आपण शाळेपासून ऐकतो. मला ती रुग्णालयात पटत नाही. एकलव्याचा नेम चुकला असता तर बाण फार तर झाडात रुतला असता. अंगठा गेला, तोही त्याचा स्वतःचाच. केसपेपरच्या खिडकीवर, इंजेक्शनच्या ट्रेजवळ किंवा रक्तपेढीच्या फ्रीजपाशी जो चाचपडत शिकतो, त्याच्या चुकीची किंमत दुसराच कोणी मोजतो. तिथे एकलव्य होणे हा गुण नव्हे, धोका आहे.

दुसरा प्रकार मांजरीच्या गोष्टीचा. वाघाच्या मावशीने भाच्याला सगळे शिकवले, फक्त झाडावर चढणे राखून ठेवले. म्हणून वाघ उलटला तेव्हा ती वाचली. या गोष्टीतली मांजर शहाणी म्हणून सांगतात. ताईंकडे पाहताना मला ही गोष्ट नव्याने कळली. एकोणीस वर्षांत त्यांच्या खिडकीवर रजिस्टरे गेली, संगणक आला, संगणकातली पद्धतही बदलली. दरवेळी कोणीतरी तरुण माणूस येऊन 'हे आता असं करायचं' असे सांगून गेला. त्यांच्याजवळ स्वतःचे म्हणून जे उरले ते एवढेच, की अमुक गोष्ट त्यांच्यावाचून कोणाला येत नाही. ते झाड त्यांनी मला का द्यावे? त्यातून नव्या मुलीला शिकवण्याचे वेगळे पैसे नाहीत, वेगळा वेळ नाही, आणि रांग तर हटत नाही. त्यांना तरी कोणी शिकवले होते? 'मी रडत रडत शिकले,' असे त्या एकदा बोलून गेल्या होत्या. म्हणजे हा वारसाच आहे; सासूने सुनेला आणि सुनेने पुढच्या सुनेला द्यावा तसा.

हा वारसा मोडता येतो का? येतो, आणि तो मोडल्याचे उदाहरण आपल्याच शहरात आहे. रमाबाई रानडे यांचे लग्न १८७३ साली झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्तींनी त्यांना शिकवायला घेतले. परंतु घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते रुचले नाही. टोमणे, अबोला, मुद्दाम वाढवलेली कामे हे सगळे सोसून त्या शिकल्या. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात त्यांनी ते फारसा कडवटपणा न ठेवता लिहिले आहे. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. 'मी सोसले, आता तुम्हीही सोसा,' असे त्या म्हणाल्या नाहीत. १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे काम त्यांनी सुरू केले, आणि ज्या काळात परिचारिकेचे काम घरंदाज बाईने करायचे नाही असा समज होता, त्या काळात विधवांना आणि गरजू मुलींना ससून रुग्णालयात ते शिक्षण मिळण्याची व्यवस्था केली. त्या मुलींना केवळ 'जिद्द ठेवा' असा उपदेश मिळाला नाही. त्यांच्या पाठीशी एक संस्था उभी राहिली. लक्ष्मी रस्त्यावरच्या सेवासदनावरून आपण रोज जातो; निदान एकदा तरी ही गोष्ट आठवावी.

बाहेरच्या जगातही हेच दिसते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली. जुन्या बाईच्या मागे हिंडत जमेल ते उचलायचे, या रीतीच्या जागी ठरवून शिकवण्याची रीत आणणे हा त्यामागचा विचार होता. अलीकडचे सांगायचे तर २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय प्रसिद्ध केले. त्यांतला एक असा, की रुग्णाची ओळख निदान दोन खुणांनी पटवावी आणि खोलीचा नंबर ही त्यांतली खूण धरू नये. म्हणजे माझी चूक जगात पहिली नव्हती; तिच्यावरचा इलाज केव्हाच लिहून ठेवलेला होता. त्याच संघटनेने शस्त्रक्रियेसाठी एक साधी तपासणी-यादी तयार केली. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत, त्यांत दिल्लीतले एक, ती वापरून पाहिली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलेले दिसले. त्या यादीत एक कलम असे आहे, की चीर देण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे. एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे चूक दिसली तर गप्प बसत नाही, एवढे साधे शहाणपण त्यामागे आहे. आमच्या खिडकीवर मी नेमकी गप्प बसायला शिकले होते.

त्या आजींच्या प्रसंगानंतर मी माझ्यापुरती रीत बदलली. ती कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून सांगते. 'हे कसं करायचं?' असा लांबलचक प्रश्न मी बंद केला. 'कार्ड नसेल तर वय आधी बघायचं की पत्ता?' असा एका शब्दात उत्तर देता येईल असा प्रश्न विचारू लागले, आणि तोही दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, रांग नसताना. एक दोनशे पानी वही केली. रोज शिकलेले त्यात लिहून दुसऱ्या दिवशी ताईंपुढे ठेवू लागले. ज्यांना शिकवायला आवडत नाही त्यांनाही दुसऱ्याची चूक काढायला आवडते, आणि पुण्यात तर हा आनंद कोणी सोडत नाही. ताई पेन काढून माझे वाक्य खोडत आणि बरोबर लिहून देत. त्या दोन महिन्यांत त्यांनी मला तोंडाने सांगितले असते त्याच्या चौपट त्या वहीत उतरले. बाकीचे मी वॉर्डातल्या मावशींकडून आणि रेकॉर्डच्या खोलीतल्या काकांकडून शिकले. त्यांना कोणी कधी काही विचारत नाही, म्हणून ते मनापासून सांगतात.

मात्र एक गोष्ट वहीवर भागवली नाही. रुग्णाच्या जिवाशी संबंध असलेली बाब गोडीगुलाबीने मिळवायची नसते. मी प्रशासनाच्या मॅडमकडे गेले. 'ताई शिकवत नाहीत' असे म्हणाले नाही. ते खरे असले तरी त्याने फक्त भांडण लागले असते. 'सारख्या नावांची ओळख कशी पटवायची याचा लेखी नियम हवा, माझ्याकडून अशी चूक झाली आहे,' असे सांगितले. बोलणी बसली. पुढे नियम मिळाला.

या सगळ्यात खडूस माणसाशी गोड वागण्याचे ओझे शिकणाऱ्यावरच पडते, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे आणि ते अन्यायाचेही आहे. जिथे शिकवणे हे काम म्हणून मोजले जात नाही, त्यासाठी वेळ आणि मोबदला दिला जात नाही, तिथे ते कोणाच्या तरी मर्जीवर राहणारच. हा दोष ताईंपेक्षा त्यांना स्टूल सरकवायला सांगून निघून गेलेल्यांचा अधिक आहे. आपल्या कॉलेजातही मागच्या वर्षाच्या नोट्स उशाशी घेऊन झोपणारे थोडे नाहीत. त्यांनीही आपापले झाड तपासून पाहावे.

दिवाळीनंतर खिडकीवर एक नवा मुलगा आला. पहिल्याच दिवशी त्याने मला तीनदा तेच विचारले, रांग दारापर्यंत गेली होती, आणि माझ्या तोंडून शब्द निघून गेले, 'आत्ताच तर केलं ना तुझ्यासमोर!' ताईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. त्या हसल्या की काय ते मला नीट कळले नाही.

रात्री घरी जाऊन वहीतली बारा वाक्ये मी मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवली. दुसऱ्या दिवशी तो कागद खिडकीच्या आतल्या बाजूला चिकटवला. ताईंनी तो चष्मा लावून वाचला, सातव्या वाक्यातले शुद्धलेखन दुरुस्त केले आणि खाली स्वतःच्या हाताने तेरावे वाक्य लिहिले, 'समजले नाही तर पुन्हा विचारावे.'