शिळ्याचा हिशेब

हिशेबशास्त्राच्या पहिल्याच वर्षी आम्हांला शिकवतात की, वर्षअखेरच्या शिल्लक मालाची किंमत लावताना त्यावर झालेला खर्च आणि विकून येऊ शकणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती धरावी. घरातल्या शिल्लक मालाला मात्र आपण सरळ शून्य किंमत लावतो आणि तो आईच्या ताटात ढकलून खाते बंद करतो. गरम पोळ्या वडिलांना व मुलांना. रात्रीचा भात आणि वाटीच्या तळाशी राहिलेली भाजी तिला. ही वाटणी कोणी ठरवली? विद्यार्थीमित्रांनी, आणि गुरुजनांनीही, एकदा आपापल्या स्वयंपाकघरात डोकावून पाहावे.

आमच्या घरी मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतात आणि दाराबाहेर तेलुगू. शिळ्याला मराठीत शिळे, कन्नडात तंगळु, तेलुगूत चद्दि. शब्द तीन, खाणारी एकच.

माझे म्हणणे एवढेच की, शिळ्याचा पदार्थ असा व्हावा की तो सर्वांच्या ताटांत एकाच कढईतून पडेल. फोडणीची पोळी आहे, चित्रान्न आहे, हे मला ठाऊक आहे. पण त्यांच्याकडे आपण 'आज दुसरे काही केले नाही वाटते' अशा नजरेने पाहतो. त्याच उरल्यासुरल्याला परदेशी नाव मिळाले की मित्रमंडळी ताटल्या घेऊन उभी! हे ढोंग आहे खरे. पण उपयोगी पडत असेल तर पडू द्यावे. म्हणून मी थायी पद्धतीच्या नूडल्सची बाजू मांडतो.

थायलंडचा 'पाड थाय' हा राष्ट्रीय पदार्थ मानला जातो, पण तो काही पुराणकाळचा नव्हे. १९३८ मध्ये पंतप्रधान झालेल्या पिबुन सोंगक्राम यांच्या राजवटीत, १९३९ साली, सयामचे नाव थायलंड झाले आणि त्याच राजवटीत या पदार्थाचा देशी म्हणून प्रसार झाला. नूडल्स परतण्याची रीत मूळची चिन्यांची. तीत चिंच, ताडाचा गूळ, शेंगदाणे आणि मोड आलेले मूग आले. यादी पुन्हा वाचा. यातले काय आपल्या फडताळात नाही? माशाचा रस्सा तेवढा नाही, त्याची जागा सोया सॉस घेतो.

हैदराबादकरांना तर आणखी एक सोय आहे, ती म्हणजे मिरचीचे सालन. बिर्याणीच्या दुसऱ्या दिवशी ते वाटीभर हमखास उरते. शेंगदाणे, तीळ, खोबरे आणि चिंच, सगळे त्यात आधीच वाटलेले. सालन मात्र घरचे असावे. बाहेरच्यात कधी मटणाचा रस्सा असतो, तो शाकाहाऱ्यांना चालायचा नाही.

दोघांपुरत्या कालच्या उकडलेल्या नूडल्स तेलाचा हात लावून मोकळ्या कराव्यात. कढईत लसूण आणि उरलेला कोबी, गाजर, फरसबी मोठ्या आचेवर परतावी. चार चमचे सालन, चमचाभर सोया सॉस, सुपारीएवढा गूळ घालावा. सालन नसल्यास दोन चमचे चिंचेचा कोळ आणि मूठभर दाण्याचे कूट. गूळ विरघळला की नूडल्स आणि मोडाचे मूग टाकून दोन-तीन मिनिटे हलवावे. मीठ चाखूनच घालावे, कारण सालन आणि सॉस दोन्ही खारट. वरून भरड दाणे, कोथिंबीर, लिंबू. सारा खटाटोप दहा मिनिटांचा. म्हणजे तो आईनेच केला पाहिजे असे मुळीच नाही.

एक गोष्ट थट्टेवारी नेण्याची नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये रात्रभर ओट्यावर राहिलेला भात किंवा नूडल्स वापरू नयेत. त्यांवर वाढणाऱ्या काही जंतूंचे विष पुन्हा तापवूनही जात नाही. रात्रीच झाकून फ्रीजमध्ये ठेवावे आणि ते काम जो शेवटी जेवेल त्याने करावे.

नूडल्स नसतील तर कन्नड घरांतली तांदळाची ओत्तु शाविगे उत्तम. ती तर पाड थायची सख्खी चुलत बहीणच शोभते. गव्हाच्या शेवया घेतल्यास आधी भाजून घ्याव्यात, नाहीतर कढईत लगदा होतो.