कलावंतांनो, एकी राखा

आमच्या शेजारचा मुलगा ऑर्केस्ट्रा बारमध्ये ऑक्टोपॅड वाजवतो. परवा एक झिंगलेले गिऱ्हाईक स्टेजवर चढून गायिकेचा माईक ओढू लागले. हा पोरगा धावून जाणार, तोच कीबोर्डवाल्या काकांनी त्याला डोळ्यांनी दाबले. वाजवणे चालूच ठेवून लय उतरवली, गायिकेला मागे घेतले, मॅनेजरला खूण केली. मारामारी टळली.

बंधूंनो, दारूड्याशी माईकवरून वाद घालू नये. फर्माईश चिठ्ठीवरच घ्यावी. डान्स बारच्या खटल्यात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने टीप देण्यास मुभा दिली, पण नोटा उधळण्यास नाही. हे मालकाला ठणकावून सांगा. गायिकेच्या अब्रूवर बेतले, तर सर्वांनी साज आवरून एकदम उतरावे. एकटा उतरला तर त्याची नोकरी जाते. सगळे उतरले तर मालकाला ऐकावेच लागते.