एकट्याच्या कामास टेकू

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी बडोद्यातील अनेक घरांत शिरले, तेव्हा आधी भिजले ते जमिनीलगतचे सामान. जपून ठेवण्याच्या वस्तू भिंतीवर टांगत्या कपाटात ठेवाव्यात, असा विचार त्यानंतर ज्यांच्या मनात घोळत असेल, त्यांच्यासाठी आजचे हे चार शब्द.

कपाट करवून घेणे सोपे. ते भिंतीवर चढविणे अवघड. मुले नोकरीनिमित्त परगावी, घरात दोघेच. मग साहजिकच गृहिणीस हाक जाते, आणि 'जरा धर' म्हणता म्हणता ती माउली पाव तास डोक्यावर ओझे तोलून उभी राहते. हा अन्याय आम्हांस नेहमीच खटकत आला आहे. यावर उपाय म्हणजे लांबी कमीजास्त करता येणारा टेकू.

स्लॅब ओतताना खाली उभे केलेले लोखंडी टेकू सर्वांनी पाहिलेले असतात. एका नळीत दुसरी नळी, भोकात खीळ, आणि बारीक फरकासाठी आटे. १९३० च्या दशकात विल्यम द व्हिजिए या स्विस गृहस्थाने इंग्लंडमध्ये असे टेकू प्रचारात आणले. घरकामाचा टेकू त्याचाच हलका धाकटा भाऊ. मुठीतील खटका दाबावा, की आतली नळी थोडी थोडी वर सरकते; दोन्ही टोकांना रबरी गाद्या असतात. विकत घेण्यापूर्वी त्याची मिटलेली व उघडलेली लांबी मोजून पाहावी. ओट्यावर उभा करावयाचा, तर पुष्कळसे टेकू मिटूनही लांबच पडतात.

तीन फूट रुंद, दोन फूट उंच व फूटभर खोल असे प्लायवूडचे कपाट दारांसकट वीसेक किलो भरते. दारे व आतील फळ्या काढल्या, तर तेराचौदा किलोच उरते. म्हणून ती आधी काढावीत. पाणसळीने भिंतीवर आडवी रेघ आखावी आणि रेघेखाली एक लाकडी पट्टी स्क्रूने तात्पुरती पक्की करावी. कपाटाची मागची कड त्या पट्टीवर टेकवावी, एका हाताने पुढची बाजू सावरावी आणि दुसऱ्या हाताने टेकू खाली सरकवून खटका दाबावा. लगेच दुसऱ्या कोपऱ्याशी दुसरा टेकू. आता दोन्ही हात मोकळे झाले!

टेकू ओळंब्यात उभा हवा. तिरपा टेकू ओझे उचलण्याबरोबर आपला पायही बाजूला ढकलतो, आणि गुळगुळीत फरशीवर तो निसटण्यास वेळ लागत नाही. खाली रबराचा तुकडा घालावा. उंच टेकू लवकर वाकतो हेही ध्यानात असू द्यावे. तीच नळी दुप्पट लांब असली, तर वाकण्यापूर्वी ती पेलू शकेल असा भार चौथ्या हिश्श्यावर येतो. हे गणित अठराव्या शतकात ऑयलर याने मांडून ठेवले आहे.

जुन्या वाड्यातील खचलेल्या तुळईखाली मात्र हा टेकू कदापि लावू नये. तेथे जाणत्या अभियंत्यासच बोलवावे.

आणखी एक गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. टेकू उभा असेतो भिंतीची परीक्षा होतच नाही. चुन्याच्या जुन्या गिलाव्यात रावळप्लग सैल बसला, तरी कपाट जागच्या जागी दिसते, कारण त्याला खालून टेकूने धरलेले असते. म्हणून स्क्रू आवळून झाल्यावर टेकू बोटभर खाली उतरवावेत, पण हलवू नयेत. लाकडी पट्टीही काढून घ्यावी. मग हाताने कपाटावर भार देऊन पाहावा. कपाट भिंतीपासून किंचितही सुटले, तर टेकू पुन्हा चढवून भोके नवी, अधिक खोल, विटेपर्यंत पाडावीत. सुटले नाही, तरी रात्रभर टेकू तसेच राहू द्यावेत. दारे आणि डबे दुसऱ्या दिवशी.