टाकीखालचा विस्तव

द्रासमध्ये जानेवारीतली पहाट अनेकदा उणे वीस अंशांच्या खालीच उजाडते. अशा पहाटे मालमोटारीचा चालक बाहेर आला की लगेच किल्ली फिरवत नाही. आधी डिझेलच्या टाकीखाली तो विस्तव पेटवतो. मैदानी प्रदेशातून आलेल्या प्रवाशाला हा शुद्ध वेडेपणा वाटतो. कोणी त्याची चित्रफीत काढतो, कोणी हसतो. हा उपाय धोकादायक आहे, यात शंका नाही. पण त्या चालकाचे भौतिकशास्त्र मात्र अचूक आहे. हसण्याऐवजी प्रश्न विचारायचा तर तो असा : देशाकडे उत्तर असताना त्याच्या हाती अजून विस्तवच का?

थंडीत खोबरेल तेल थिजते, हे घरोघरी ठाऊक आहे. डिझेलचेही तेच होते. त्यात विरघळलेले मेणासारखे लांब साखळ्यांचे हायड्रोकार्बन तापमान उतरताच स्फटिकरूपाने वेगळे होऊ लागतात. डिझेल आधी गढुळते, मग स्फटिक गाळणीत अडकून इंधनाचा मार्ग बंद करतात आणि शेवटी इंधन वाहणेच थांबवते. ज्या किमान तापमानापर्यंत इंधन वाहू शकते, तो त्याचा प्रवाहबिंदू. भारतीय मानकानुसार साध्या डिझेलचा हिवाळी प्रवाहबिंदू ३ अंश सेल्सिअसपर्यंत असू शकतो. मैदानात तेवढे पुरते. द्रासमध्ये पुरत नाही.

इंधन वाहिले तरी गाडी सुरू होईलच असे नाही. शिसे-आम्ल बॅटरीतील रासायनिक क्रिया आणि आयनांचे वहन थंडीत मंदावते. उणे १८ अंशांना तिची उपयोगी क्षमता जवळपास निम्म्यावर येते. त्याच वेळी इंजिनातले तेल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला अधिक बल लागते. म्हणजे मागणी वाढते नेमकी तेव्हाच पुरवठा आटतो. त्यात बॅटरी उतरलेली असेल तर संकट दुहेरी. पूर्ण भारित बॅटरीतले आम्ल उणे ५० अंशांनाही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीतले पातळ आम्ल उणे दहाच्या आसपासच गोठते आणि बॅटरीचे कवच तडकू शकते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. सोळापट संपीडनात २७ अंशांची हवा, उष्णता अजिबात न गमावता, सुमारे ६३५ अंशांपर्यंत तापते. उणे २३ अंशांची हवा सुमारे ४८५ पर्यंतच. कागदावर हेही पुरेसे आहे. प्रत्यक्षात गारठलेले लोखंड त्यातली बरीच उष्णता शोषून घेते आणि इंजिन संथ फिरत असल्याने दाबलेली हवा निसटायला वेळ मिळतो. म्हणूनच ग्लो प्लग आधी तापवावा लागतो. शिवाय लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीच्या ठिकाणी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांशच असतो. थंडी आणि विरळ हवा, दोन्ही एकाच इंजिनावर चालून येतात.

यावर देशात काम झालेले आहे. नोव्हेंबर २०१९मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणले. पानिपतच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात तयार झालेल्या या डिझेलचा प्रवाहबिंदू उणे ३३ अंश आहे. अग्निबाणाच्या उड्डाणासारखा त्याचा गाजावाजा झाला नाही. तरीही, रोजच्या जगण्याला हात घालणारे विज्ञान म्हणून त्याचे मोल कमी लेखता येणार नाही.

मात्र एका इंधनाने प्रश्न मिटत नाही. २०११च्या जनगणनेनुसार लडाखची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या घरात होती. एवढ्यांसाठी वेगळा खटाटोप कशाला, असा हिशेब सहज मांडला जातो. हा हिशेब आखूड आहे. त्या रस्त्यांवरून सीमेवरची रसद जाते आणि आजारी माणसाला रुग्णालयात नेणारी गाडीही जाते. रुग्णवाहिका सुरू व्हायला लागलेला अर्धा तास कोणाच्याही सरासरीत दिसत नाही. ज्याच्या घरात तो घडतो, त्याच्यासाठी तोच सगळा हिशेब असतो.

उपाय फार खर्चिक नाहीत. पंपावर डिझेलचा प्रवाहबिंदू ठळक लिहिलेला असावा. बॅटरी विकताना उणे १८ अंशांना ती किती विद्युतप्रवाह देते, हे ग्राहकाला सांगितले जावे. तेलाच्या डब्यावरच्या ‘०डब्ल्यू’ आणि ‘१५डब्ल्यू’ यांतला फरक शाळेतल्या श्यानतेच्या धड्यात यावा. थंड प्रदेशात विकल्या जाणाऱ्या गाडीला इंजिन तापवणारा विजेचा हीटर मिळावा आणि गाडीतळावर त्यासाठी वीजजोडणी असावी. हे झाले तर टाकीखालचा विस्तव आपोआप विझेल.

विजेच्या गाड्या आल्या म्हणजे ही कटकट संपेल, अशी आशाही फोल आहे. शून्याखाली लिथियम-आयन बॅटरी वेगाने भारित केली तर लिथियमचा धातुरूप थर साचून तिचे आयुष्य घटते. लेहमध्ये आलेल्या हायड्रोजन बसच्या इंधनघटात तर पाणीच तयार होते, आणि ते कुठे गोठेल याची काळजी अभियंत्यांना घ्यावीच लागते. इंधन बदलले तरी थंडीची परीक्षा तीच राहते.

म्हणून या परीक्षेचा अभ्यास मैदानातल्या प्रयोगशाळेत बसून पुरा होणार नाही. त्यासाठी द्रासच्या पहाटे चालकाशेजारी उभे राहावे लागेल आणि त्याने अनुभवातून जाणलेले भौतिकशास्त्र आदराने टिपून घ्यावे लागेल.