कांदाही त्यांचाच, गिऱ्हाईकही त्यांचंच!

आपल्या आयटीवाल्यांना 'वेंडर लॉक-इन' या दोन शब्दांची जाम धास्ती असते. डेटाबेस एका कंपनीचा, सर्व्हर तिचाच, सपोर्टही तिचाच, असं कुणी सुचवलं की मीटिंगमधला सगळ्यात झोपाळू प्राणीसुद्धा खडबडून जागा होतो आणि विचारतो, "उद्या यांनी भाव वाढवले तर?" एकदम रास्त प्रश्न. पण रात्री मोबाईलवर बिर्याणी मागवताना हा शहाणपणा आपण ऑफिसातच ठेवून येतो.

हायपरप्युअर हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल, पण त्यांचा माल तुमच्या पोटात गेला असण्याची शक्यता बरीच आहे. झोमॅटोने २०१८ मध्ये बंगळुरूची वॉटू नावाची छोटी कंपनी घेतली आणि त्यातून हा धंदा उभा राहिला. हॉटेलांना कांदे-बटाटे, चिकन, पनीर, तेल, मसाले, पार्सलचे डबे, सगळं घाऊक भावात दारात पोचवायचं. २०२१-२२ मध्ये विक्री होती सुमारे ५३८ कोटी रुपये. पुढच्या वर्षी सुमारे १,५०६ कोटी, त्याच्या पुढच्या वर्षी सुमारे ३,१७२ कोटी आणि २०२४-२५ मध्ये सहा हजार कोटींच्या वर. यातला मोठा वाटा ब्लिंकिटवरच्या विक्रेत्यांना दिलेल्या मालाचा होता, आणि २०२५ मध्ये ब्लिंकिट स्वतःच माल विकत घेऊ लागल्यावर तो आटला, हे खरं. पण हॉटेलांचा धंदा आहेच की. शेअरवाले मित्र हे आकडे टाळ्या वाजवत सांगतात. मला मात्र ते वाचून तोच मीटिंगमधला प्रश्न पडतो.

आता लगेच "म्हणजे तुला जुने दलाल हवेत का?" असं विचारू नका. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. वाशीचं मार्केट घ्या नाहीतर पुण्याचं गुलटेकडी घ्या. गोणीत वरचा थर झकास आणि खाली सडका माल, अडत वेगळी, हमाली वेगळी, तोलाई वेगळी, आणि पक्कं बिल मागितलं तर समोरचा असा बघतो की जणू आपण त्याची किडनी मागितली. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला, ते चांगलंच झालं. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वजनाचा, थंड गाडीतून आलेला माल कुणाला नको? छोट्या हॉटेलवाल्याची पहाटेची मार्केटची फेरी वाचली, हा फायदा खराच आहे. मोठं होणं हा गुन्हा नाही.

पण त्या जुन्या आडत्याबद्दल एक गोष्ट होती. त्याला फक्त कांदा विकता यायचा. तुमच्या हॉटेलात काल किती प्लेट मिसळ खपली, कुठल्या भावाने खपली, शेजारच्या अण्णाकडे गर्दी का वाढली, यातलं त्याला काही माहीत नसायचं. तुमच्या दारात गिऱ्हाईक पाठवायचं की नाही, हे तर त्याच्या हातात मुळीच नव्हतं. त्याने भाव चढवला तर हॉटेलवाला शिव्या घालत पुढच्या गाळ्यावर जायचा. बस, विषय संपला.

आता चित्र बघा. गिऱ्हाईक आणणारी कंपनी तीच. त्यावर कमिशन घेणारी तीच. यादीत कुणाचं नाव वर दिसेल हे ठरवणारी तीच, वर दिसण्यासाठी जाहिरातीचे पैसे घेणारीही तीच. रोज कुठल्या पदार्थाच्या किती ऑर्डरी गेल्या हे तिच्या सर्व्हरवर. आणि आता त्या पदार्थाचं पनीरही तिचंच!

आमचा माल घेणाऱ्यालाच आम्ही वर दाखवतो, असं ते करतात असा माझा आरोप नाही. माझा मुद्दा साधा आहे. तसं होत नाही, हे हॉटेलवाल्याने तपासायचं कसं? आपण प्रोडक्शनचा पासवर्ड सगळ्या टीमला देत नाही तो सगळे चोर आहेत म्हणून नव्हे. 'आम्ही गैरवापर करणार नाही' या वचनावर सिस्टिम चालवायची नसते, म्हणून. ॲक्सेसच काढून घ्यायचा असतो.

अमेरिकेचं उदाहरण बघा. सिस्को (आपली राऊटरवाली नव्हे हो, स्पेलिंग वेगळं!) ही तिथली हॉटेलांना माल पुरवणारी सगळ्यात मोठी कंपनी. १९६९ मध्ये नऊ छोट्या कंपन्या एकत्र करून ती बनली आणि पुढेही इतरांना विकत घेत वाढत गेली. २०१३ च्या डिसेंबरात तिने दोन नंबरच्या यूएस फूड्सला गिळायचं ठरवलं. फेडरल ट्रेड कमिशन कोर्टात गेलं. देशभर पुरवठा करणाऱ्यांच्या बाजारातला ७५ टक्के वाटा एका हातात जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. जून २०१५ मध्ये कोर्टाने व्यवहार रोखला आणि सिस्कोने नाद सोडला. लक्षात घ्या, सिस्को फक्त माल विकते. गिऱ्हाईक पाठवत नाही. तरीही तिथल्या सरकारला घाम फुटला.

आपल्याकडे? रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये झोमॅटो आणि स्विगी दोघांच्याही चौकशीचा आदेश दिला. ज्यात प्लॅटफॉर्मचा स्वतःचा स्वार्थ गुंतलाय अशा ब्रँडांना झुकतं माप मिळतं का, हा त्यातला एक मुद्दा. हाच प्रश्न घाऊक मालालाही लावा ना!

"अरे पण हॉटेलवाल्याचा प्रॉब्लेम, आपल्याला काय?" असं म्हणणाऱ्यांसाठी खास पनीर. ऑक्टोबर २०२४ मध्ये हायपरप्युअरवर 'ॲनालॉग पनीर' विकायला असल्याचं लोकांच्या लक्षात आलं आणि इंटरनेटवर बोंब झाली. ॲनालॉग म्हणजे दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल वापरून केलेलं. कायद्याने ते विकता येतं, लेबल तेवढं खरं हवं. तिथे लेबल होतंही. पण ते वाचलं कुणी? भटारखान्यातल्या माणसाने. तुमच्या मेन्यूवर मात्र नुसतं 'पनीर बटर मसाला'. ज्या कंपनीला आत काय माल गेला हे माहीत, तिच्याच ॲपवर तुम्ही तो पदार्थ मागवता, आणि माहिती मध्येच कुठेतरी गळून पडते. पैसे द्यायच्या वेळी मात्र काही गळत नाही, बरं का!

मला काय हवंय? एक, घाऊक विक्री आणि ऑर्डरींचा डेटा यांच्यात भिंत हवी आणि तिचं बाहेरच्या माणसाकडून ऑडिट व्हावं. दोन, यादीतला नंबर ठरवताना माल कुणाकडून घेतला हे बघत नाही, असं नुसतं सांगू नये, दाखवावं. तीन, ॲनालॉग असेल तर मेन्यूवर तसं लिहावं. यात अवघड काही नाही. यापेक्षा किचकट कामं आपण दर स्प्रिंटला करतो.

आणि हॉटेलवाल्यांनो, मार्केटमधल्या जुन्या भाजीवाल्याचं खातं बंद करू नका. थोडा माल त्याच्याकडूनही घेत राहा. बॅकअप लागतो तेव्हा घेता येत नाही, आधीच घेऊन ठेवावा लागतो. हे आम्हा आयटीवाल्यांइतकं कुणाला ठाऊक?